थंडीत लोणी रुसतं, उन्हाळ्यात वितळतं: साय घुसळण्याचं गणित काय?

सायसाखर
दूध तेच, विरजण तेच, तरी डिसेंबरात साय कितीही घुसळा, नुसता फेस. मे महिन्यात लोणी येतं, पण लिबलिबीत, आणि ताकावर तुपकट तवंग. तुपाचंही तसंच, कधी छान रवाळ तर कधी मेणासारखं गुळगुळीत. आणि एक फुकटची शंका: कढवताना विड्याचं पान घालतात ते नुसतं वासासाठी का?

रवीदोरी
सगळा खेळ तापमानाचा. सायीतले स्निग्धांशाचे कण थोडे घट्ट, थोडे मऊ असले तरच घुसळताना एकमेकांना चिकटतात. विरजलेल्या सायीला साधारण १५ ते १८ अंश मानवतात. त्याहून गार असेल तर कण कडक राहतात, चिकटत नाहीत, हवा मात्र भरत जाते. म्हणजे तुमचा फेस. विशीच्या फार वर गेलं की स्निग्धांश पातळ होतो आणि बराचसा ताकातच राहतो.

थंडीत फ्रिजमधली साय दोन-तीन तास बाहेर ठेवा. तरीही अडून बसली तर अर्धी वाटी कोमट पाणी घाला. गरम घातलंत तर मे महिना झालाच म्हणून समजा. उन्हाळ्यात बर्फाचे चार-पाच खडे. मिक्सर असेल तर भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका आणि थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं की साय तापते. बाजरीएवढे दाणे दिसले की मिक्सर बंद, पुढचं काम हाताने. मग गार पाण्याने दोन-तीनदा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. हे लोक टाळतात. लोण्यात ताक राहिलं की बेरी जास्त निघते आणि तळाला लवकर लागते.

बेरीप्रेमी
कढवण्याचं मी सांगते. जाड बुडाचं, लोण्याच्या तिप्पट मावेल असं पातेलं घ्या, कारण आधी फेस वर येतो. घरच्या लोण्यात पाव हिस्सा तरी पाणी असतंच, तेव्हा अर्धा किलो लोण्याचं पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास तूप धरा. पाणी आहे तोवर मोठे बुडबुडे आणि तडतड. आवाज शांत झाला, वर बारीक फेस आला आणि बेरी बदामी दिसायला लागली की गॅस बंद. लालसर होईपर्यंत थांबू नका, पातेल्याच्या उष्णतेत ती पुढे शिजतच राहते.

पान वासासाठी तर आहेच, पण विड्याच्या पानातली काही द्रव्यं तूप खवट होणं लांबवतात. पुसून कोरडं करून शेवटी घाला. ओलं पान कढत तुपात पडलं तर हात भाजेल.

कणीदार
रवाळपणा गार होण्याच्या वेगावर आहे. सावकाश निवलं की दाणे मोठे होतात. फ्रिजमध्ये घातलं की असंख्य बारीक कण एकदम धरतात आणि मेण होतं. गाळा, तीसेक अंशांच्या जागी ठेवा आणि हलवू नका. कोमट असताना जुन्या रवाळ तुपाचा एक चमचा घातला तर दाणा लवकर धरतो. म्हशीच्या तुपाला दाणा मोठा येतो. नागपूरच्या मे महिन्यात मात्र आशाच सोडा, तूप पातळच राहणार.

सायसाखर
धन्यवाद! मग साय किती दिवस साठवायची? दहाव्या दिवशी कडवट लागते.

रवीदोरी
विरजण न लावता फ्रिजमध्ये ठेवत असाल तर कडवटपणा येणारच. थंडीतही वाढणारे जिवाणू असतात, ते सायीतली प्रथिनं फोडतात. पहिल्याच दिवशीच्या सायीत चमचाभर दही घाला, रोजची साय त्यात कालवा, आठवड्यात घुसळा.

बेरीप्रेमी
किंवा सरळ फ्रीझर. पंधरा दिवस साठवा, मग आदल्या रात्री बाहेर काढून विरजण लावा. फक्त पूर्ण सुटू द्या, मध्ये गोठलेला गोळा राहिला तर तेवढी साय विरजत नाही.

रवीदोरी
चालेल, पण फ्रीझरमध्ये झाकण घट्ट हवं. साय शेजारच्या मासळीचा वास लगेच ओढते, आणि तो तुपातूनही जात नाही.