'मुद्दा पटला' म्हणजे नेमकं काय?

महालकर : महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेची गुणपत्रिका मराठीत करतो आहे. विषय वेगळा विदर्भ. एका रकान्यात परीक्षकाने स्वतःचं मत बाजूला ठेवून फक्त दिलेल्या आधारावरून निष्कर्ष निघतो का, एवढंच तपासायचं आहे. जुन्या पत्रिकेत 'मुद्दे पटले का?' असं आहे. पण या विषयावर मत नसलेला परीक्षक नागपुरात कुठून आणायचा? 'राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाची शिफारस केली, म्हणून आज राज्य द्यायलाच हवं' हे विदर्भवाद्याला लगेच पटेल. शिफारस खरीच आहे. त्या 'म्हणून'चं काय?

धरमपेठ : 'तर्कशुद्धता'.

सदरवासी : बोलण्यात तर्क म्हणजे अंदाज. तर्क लढवतात, तर्कवितर्क करतात. सरळ 'लॉजिक' लिहा, सगळ्यांना कळतं.

धरमपेठ : उद्या मुद्द्याला पॉइंट म्हणा. न्यायसूत्र या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात अनुमानाचे पाच हेत्वाभास, म्हणजे वरवर खरे भासणारे सदोष आधार, नावानिशी सांगितलेत. शब्द आहेत, वापरायचा कंटाळा आहे.

निवृत्त शिक्षिका : मी वर्गात हे द्यायची : सगळ्या फळांना पाणी लागतं. संत्र्याला पाणी लागतं. म्हणून संत्रं फळ आहे. वर्ग माना डोलवायचा. मग संत्र्याच्या जागी गहू घालायची, की गलका! साचा तोच, पण संत्र्याचा शेवट आधीच ठाऊक असल्याने मधलं कोणी तपासत नाही. रकान्यात 'आधारावरून निष्कर्ष निघतो का?' हे वाक्यच छापा. पारिभाषिक शब्द दिसला की परीक्षक न वाचता गुण देऊन मोकळा होतो.

महालकर : वाक्य चांगलं आहे, पण रकाना दोन बोटांचा. 'युक्तता' चालेल? 'वैधता' वाचून हायकोर्ट आठवतं.

इतवारीकर : 'पटणे'वर एवढा राग का? आमच्याकडे बिल पटवतात, उधारी पटवतात. माझ्या मते मुद्दा पटणे तिथूनच आलं : सांगणाऱ्याने दाव्याची पूर्ण किंमत चुकती केली. मग याहून काटेकोर शब्द कोणता?

धरमपेठ : तो हिंदीतला 'पटाना'. मराठीत बिल भागवतात.

इतवारीकर : आजोबा दुकानाच्या वहीत 'पटले' असंच लिहायचे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. हिंदीच्या शेजाराने आलेला शब्द तीन पिढ्या घरात बोलला गेला, तरी तो मराठी नाही?

सदरवासी : मग 'लॉजिक'नेच काय घोडं मारलं?

धरमपेठ : वहीतल्या त्या पानाचा फोटो टाका. साल दिसू द्या.