विमान रद्द, भरपाईला नकार : दाद कोठे मागावी?

नमस्कार. गेल्या महिन्यात पुण्याहून नागपूरला जाणारे आमचे विमान रद्द झाल्याचे आम्हाला थेट विमानतळावर, सामान देण्याच्या रांगेत कळले. कंपनीने तिकिटाचे पैसे परत केले. मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी कमी असेल ती भरपाई मागितल्यावर ‘ऑपरेशनल कारण’ एवढेच त्रोटक उत्तर आले. (आभाळ स्वच्छ होते आणि इतर विमाने सुटत होती!) असे मोघम कारण नियमातील ‘असाधारण परिस्थिती’त (म्हणजे कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची, भरपाईतून सूट देणारी परिस्थिती) बसते का? केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या विमान प्रवाशांसाठीच्या पोर्टलवर तक्रार नोंदवून वाट पाहावी, की थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे? ज्यांनी असा दावा केला आहे त्यांनी कोणती कागदपत्रे जोडली, तेही कृपया सांगावे.