भंगार म्हणायची घाई नको
अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसानला जुनी लष्करी विमानं ठेवतात, त्या मैदानाला कुणीतरी 'विमानांचं भंगार' म्हटलंय. अर्धंच खरं आहे ते. तिथल्या डेव्हिस-मॉन्थन या हवाई दलाच्या तळावर १९४६ पासून विमानं ठेवतात, कारण हवा कोरडी, गंज कमी. आणि जमीन इतकी टणक की काँक्रीट न ओतताही अवजड बॉम्बर उभं राहतं. काचा नि फटींवर पांढरा लेप फासतात, नाहीतर उन्हाने आत भट्टी व्हायची. सुटे भाग काढून चालू विमानांना लावतात ते वेगळंच. 'घोस्ट रायडर' नावाचं बी-५२ बॉम्बर तर २००८ पासून तिथे पडून होतं, २०१५ मध्ये चक्क उडत बाहेर पडलं! याउलट 'स्टार्ट' या अमेरिका-रशिया अण्वस्त्रकपात करारानुसार मोडीत काढायच्या बी-५२ विमानांचे अजस्र पात्याने तुकडे केले आणि रशियन उपग्रहांना नीट मोजता यावेत म्हणून तसेच उघड्यावर ठेवले.