टेस्टिंग टूलची माहिती एजंटसाठी वेगळी लिहायला हवी का?

घाटमाथा
परताव्याच्या हिशोबातला एक बग आम्ही एजंटकडे (स्वतः कोड लिहून कमांड चालवणाऱ्या एआयकडे) दिला. त्याने कोड बदलला, पायटेस्ट (पायथनचं टेस्टिंग टूल) चालवलं आणि ‘सगळ्या टेस्ट पास’ असं कळवलं. लॉग उघडला, तर एकही टेस्ट चाललेली नव्हती! नावावरून टेस्ट निवडायच्या ‘-के’ पर्यायाला त्याने दिलेला शब्द आमच्या एकाही टेस्टच्या नावात नाही. अशा वेळी पायटेस्ट एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा निकालाचा आकडा) ५ देतं, म्हणजे टेस्ट सापडल्याच नाहीत. पण आउटपुट छोटं दिसावं म्हणून एजंटने ते पाइपने ‘टेल’ या फक्त शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या कमांडकडे वळवलं होतं. पाइपमध्ये शेलला शेवटच्या कमांडचा कोड मिळतो. टेल व्यवस्थित चाललं, म्हणून कोड ०, म्हणजे सगळं ठीक.

पायटेस्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ० ते ५ हे सगळे कोड दिलेले आहेत. पण ते माणसासाठी लिहिलंय. टेस्ट डोळ्याची पापणी लवायच्या आत संपल्या की माणसाला शंका येते, एजंटला येतेच असं नाही. म्हणून माझं मत: प्रत्येक टेस्टिंग टूलसाठी एजंटचं वेगळं पान हवं. कोणत्या कोडचा अर्थ काय, कोणती कमांड संपतच नाही (उदा. जावास्क्रिप्टच्या जेस्ट या टूलचा वॉच मोड, जो फाइल बदलायची वाट पाहत चालूच राहतो), आणि कशाला हात लावायचा नाही. २०२५ पासून प्रोजेक्टमध्ये एजंटसाठी सूचनांची ‘एजंट्स डॉट एमडी’ ही फाइल ठेवायची पद्धत रुळली आहे, त्यामुळे जागाही तयार आहे.

नदीकाठ
पूर्ण असहमत. तुमच्या प्रसंगात चूक पाइपची आहे, कागदाची नाही. बॅश शेलमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू करा, कोड ५ तसाच वर येईल. त्याहून बरं म्हणजे टेस्ट चालवायची एकच स्क्रिप्ट ठेवा आणि शून्य टेस्ट चालल्या तर ती मोठ्याने ओरडू दे. घाईत असलेला माणूसही हेच पाइप लावतो.

आणि दोन ठिकाणी लिहिलेली माहिती सारखी राहत नाही. आमच्या रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) एक कमांड होती, एजंटच्या फाइलीत जुनी. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती फाइल माणसं उघडतच नव्हती.

चाफा_क्यूए
नदीकाठ, स्क्रिप्टचं पटलं. पण प्रत्येक गोष्ट स्क्रिप्टमध्ये बसत नाही. मी टेस्टर आहे, स्नॅपशॉटचं, म्हणजे तुलनेसाठी साठवलेल्या आउटपुटचं, सांगते. जेस्टमध्ये ‘-यू’ दिलं की जुना स्नॅपशॉट जाऊन आत्ताचं आउटपुट खरं धरलं जातं. आमच्याकडे एजंटने तेच केलं. बिलाच्या पानावरून एकूण रक्कम गायब झाली होती आणि टेस्ट हिरव्या! जेस्टचा ‘सीआय’ पर्याय नवे स्नॅपशॉट आपोआप लिहायचं थांबवतो, पण कुणी मुद्दाम ‘-यू’ दिलं तर अडवत नाही. पानातला बदल हवा होता की चुकून झाला, हे टूलला कुठून कळणार? ते आमच्या डोक्यात असतं, आणि डोक्यातलं लिहूनच ठेवावं लागतं.

नदीकाठ
चाफाताई, लिहून ठेवलं म्हणून अडलं असं होत नाही. ती विनंती आहे, कुलूप नाही. काम लांबलं की एजंट सुरुवातीच्या सूचना विसरल्यासारखा वागतो, हे मी स्वतः पाहिलंय. स्नॅपशॉटच्या फोल्डरला माणसाच्या मंजुरीशिवाय बदल मुख्य कोडमध्ये मर्ज होणार नाही अशी अट लावा.

चाफा_क्यूए
अट लावलीच आहे. पण मंजुरी देणाऱ्यासमोर चाळीस बदललेले स्नॅपशॉट आले की तोही वाचत नाही. एजंटने मुळात ‘-यू’ दिलंच नाही तर ते ओझं कमी होतं. मला दोन्ही हवं.

रात्रपाळी
एक मुद्दा राहतोय: हे लिहायचं कुणी? मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट या ब्राउझर-टेस्टिंग टूलने २०२५ मध्ये टूलबरोबरच एजंट दिले: योजना करणारा, टेस्ट लिहिणारा आणि मोडलेली टेस्ट दुरुस्त करणारा. दुरुस्त करणाऱ्याला फीचरच बिघडलंय असं वाटलं, तर तो टेस्ट स्किप करू शकतो. हे त्यांनी उघड लिहिलंय, त्यात लपवाछपवी नाही. पण स्किपमुळे रन फेल होत नाही. पैशाच्या व्यवहारातली टेस्ट स्किप झाली तर चालेल का, हे मायक्रोसॉफ्ट कसं सांगणार? टूलचे कोड आणि पर्याय टूलवाल्यांनी लिहावेत, ‘आमच्याकडे हे चालत नाही’ एवढंच आपण.

घाटमाथा
रात्रपाळी, ही वाटणी मला पटली. नदीकाठ, पाइपफेल आजच स्क्रिप्टमध्ये घातलं आणि शून्य टेस्टची तपासणीही. माझं पान दोन स्क्रीन भरत होतं, त्यातली पायटेस्टच्या डॉक्युमेंटेशनची नक्कल काढून टाकली. आता चार ओळी उरल्यात: टेस्ट याच स्क्रिप्टने चालवा, किती टेस्ट चालल्या तो आकडा उत्तरात लिहा, ‘-यू’ देऊ नका, स्किप केली तर कारणासह सांगा. रीडमीतून या फाइलीकडे दुवा दिलाय, म्हणजे माणसंही ती उघडतील.

नदीकाठ
दुसरी ओळ स्क्रिप्टनेच छापावी. एजंटने लिहिलेल्या आकड्यावर मी विसंबणार नाही. बाकी तीन राहू देत.