मदत हवी आहे: सीनचं विश्लेषण लिहायचंय, सर म्हणतात हे नुसतं वर्णन

सड्यावरची: नमस्कार. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका सीनचं विश्लेषण सोमवारी द्यायचंय. सात पानं लिहून दिली तर सरांनी लाल पेनने 'हे वर्णन झालं' एवढंच लिहून वही परत केली. कोण येतं, कुठे जातं, कॅमेरा कुठे आहे सगळं लिहिलंय, मग अजून काय लिहायचं असतं? प्लीज लवकर सांगा, घरात रेंज नाही, संध्याकाळी सड्यावर येते तेव्हाच नेट मिळतं.

खाडीकाठ: कुठला पिक्चर? कुठला सीन? किती शब्दांत?

कलमवाला: पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स कर, माझ्या भाच्याने केलाय, बघण्याची नजरच बदलते.

खाडीकाठ: दादा, तिला सोमवारी द्यायचंय.

सड्यावरची: सॉरी, लिहायचंच राहिलं. सत्यजित राय यांच्या पथेर पांचाली या बंगाली पिक्चरमधला आगगाडीचा सीन, दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू गाडी बघायला धावतात तो. १५०० शब्द.

कट_टू_कट: मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, अनुभवाने सांगतो. वही आडवी धर, पाच रकाने आख: शॉट नंबर, किती सेकंद, लाँग की मिड की क्लोज (लांबून, मधून की जवळून), कॅमेरा हलतो का, आवाज काय. पॉज करत करत भर. शॉट मोजल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस, कट कुठे पडतो ते कळलं की सगळं कळलं.

खाडीकाठ: मोजून परत वर्णनच होणार, फक्त आकड्यांत. आधी हे सांग, तो सीन बघताना तू कुठे अडकतेस?

सड्यावरची: दुर्गा पडते तिथे. दरवेळी वाटतं आता उठेल आणि पोचेल, आणि ती पोचतच नाही. पण हे लिहिलं नव्हतं, म्हटलं हे माझं वाटणं झालं.

खाडीकाठ: अगं तेच धर! आता तुला तसं का वाटतं ते पडद्यावर शोध. दोघं धावतात, दुर्गा पडते, अपू पुढे जातो. मग कॅमेरा दुर्गापाशी राहत नाही, तो रुळांच्या पलीकडे जातो आणि अपू आपल्याला पळत्या चाकांच्या मधल्या फटींतून दिसतो. दुर्गा त्यात कुठेच नाही. गाडी बघायची हौस दोघांची, पण जवळून गाडी मिळाली एकालाच. पुढे तापात पडलेली दुर्गा अपूला म्हणते, बरी झाले की परत गाडी बघायला जाऊ, आणि त्या तापातच ती जाते. ते वाक्य इतकं लागतं ते या चाकांच्या शॉटमुळे. सर हेच मागतायत.

रुळाजवळ: आवाजाचं कोणीच बोलत नाही. आमचं घर कोकण रेल्वेला लागून, १९९८ ला पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या तेव्हा मी शाळेत होतो. गाडी दिसायच्या कितीतरी आधी कळते, डोंगर कापून केलेल्या कटिंगमधून धडधड येते, गोठ्यातली गुरं कान टवकारतात. सीनमध्येही तसंच आहे, पोरं विजेच्या खांबाची गुणगुण ऐकतात, मग गाडीचा आवाज, मग धूर, मग गाडी. एकदा डोळे मिटून नुसता ऐक.

कलमवाला: गुरांवरून आठवलं. १९५२ च्या ऑक्टोबरात शूटिंग सुरू झालं ते याच सीनने, दोघं ज्या काशफुलांतून, म्हणजे उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून जातात त्या. आठवड्याने परत गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली! पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. हे नक्की लिही, सर खूश होतील.

कट_टू_कट: अजिबात लिहू नकोस. ती शूटिंगची गोष्ट झाली, पडद्यावर कुठे दिसतात गुरं?

कलमवाला: का नको? फुलांसाठी दिग्दर्शक एवढा थांबला म्हणजे ती त्याला हवीच होती. पांढऱ्या काशावरून काळा धूर जातो, साध्या गवतावर तो तसा उठला असता का?

कट_टू_कट: हे शेवटचं वाक्य लिहायला हरकत नाही. गुरं नकोत.

वाडीतलो: बाय, तुका सड्यार रेंज गावता तरी, आमच्या वाडीत खंयच नाय. तुझा गाव खंयचा?

सड्यावरची: देवगडकडचा. काल रात्री उशीखाली मोबाइल ठेवून सीन नुसता ऐकला, खांबाची गुणगुण पहिल्यांदाच ऐकू आली. सुरुवात अशी केलीय: 'दुर्गा आणि अपू एकत्र धावतात, पण गाडी येते तेव्हा कॅमेरा अपूच्या समोर असतो. दुर्गाने गाडी नीट पाहिली की नाही हे सीन सांगत नाही आणि आपण ते विचारत राहतो.' बरंय का? आणि त्या सात पानांचं काय करू?

खाडीकाठ: छान सुरुवात आहे, बदलू नकोस. सात पानांतले ज्या शॉटवर तुझा मुद्दा उभा आहे तेवढेच ठेव. खांब, धूर, पडणं, चाकं. बाकीचं काढ, वाईट वाटलं तरी काढ.

कट_टू_कट: आणि चाकांचा शॉट किती सेकंद आहे तेवढं तरी मोजून लिही.