मदत हवी आहे: स्टॉकहोम कराराची रसायनबंदी सगळ्या देशांना सारखीच लागू होते का?

नमस्कार मंडळी,

पर्यावरण कायदा किंवा रसायनांचा व्यापार जवळून माहीत असलेल्यांनी कृपया मदत करावी. वर्षानुवर्षं न विरणाऱ्या विषारी रसायनांवर एक व्याख्यान द्यायचंय आणि एका मुद्द्यावर गाडं अडलंय.

अशा रसायनांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, २००४ पासून लागू आहे. सुरुवातीला डीडीटी, पीसीबी, डायॉक्सिन वगैरे बारा रसायनं, पुढे यादी वाढत गेली. यादीत येण्यासाठी रसायन टिकाऊ हवं, सजीवांच्या शरीरात साठणारं हवं, दूरवर पोचणारं हवं आणि अपायकारक हवं, हे निकष मला पटतात. यूव्ही-३२८चं उदाहरण तर विलक्षण आहे. प्लास्टिक उन्हाने खराब होऊ नये म्हणून ते मिसळतात. समुद्रात वाहत जाणारा प्लास्टिकचा कचरा आणि तो गिळणारे समुद्रपक्षी यांच्यामार्फत ते लांब पोचतं, हे कराराच्या रसायनं तपासणाऱ्या समितीने ग्राह्य धरलं आणि २०२३ मध्ये ते 'परिशिष्ट अ'मध्ये, म्हणजे कायमच्या बंदीच्या यादीत आलं.

आता अडचण. यादीतला बदल बहुतेक सदस्य देशांना वर्षभराने आपोआप लागू होतो. पण 'आम्ही वेगळी मंजुरी देऊ तेव्हाच तो आम्हाला लागू' असं सामील होतानाच जाहीर करायची मुभा कलम २५(४) देतं. मंजुरी न दिलेला असा देश त्या रसायनापुरता 'करारात नसलेला देश' धरला जातो, हे कलम ३(२) मध्ये आहे.

मग असे दोन देश आपसात त्या रसायनाची खरेदी-विक्री करू लागले, तर स्टॉकहोम करार त्यांना अडवू शकतो का? माझ्या वाचनानुसार नाही. घातक रसायनांच्या व्यापाराबद्दलच्या रॉटरडॅम कराराची, आयात करणाऱ्या देशाची आधी संमती घेण्याची अट आहे, पण त्याची यादी वेगळी आणि तिथेही आयातदार 'हो' म्हणाला की माल निघाला. हे खरं असेल तर फार मोठं भगदाड आहे, कारण विकणारा-घेणारा कोणीही असो, विष शेवटी ध्रुवाजवळच्या माणसांच्या अंगातही साठतं. कराराच्या प्रस्तावनेतच आर्क्टिकमधल्या आदिवासी समाजांचा उल्लेख आहे.

माझं वाचन कुठे चुकतंय का? आणि कोणत्या देशाने कोणत्या रसायनाला मंजुरी दिली, हे एकत्र कुठे पाहायला मिळेल? उत्तरासोबत कलमाचा क्रमांक दिलात तर मूळ मजकूर ताडून बघता येईल.