शटरवरची लक्ष्मी: चित्र की चलाखी?

खवट_बोरू: काल इथे एकाने लिहिलं, "चित्रकार अतुल डोडियांनी रविवर्म्याची लक्ष्मी दुकानाच्या शटरवर उतरवली, 'बाजीगर'च्या पोस्टरवर स्वतःला बसवलं. यात स्वतःचं काय?" अहो, 'महालक्ष्मी' (2002) चं शटर वर सरकल्यावर आत काय दिसतं ते पाहिलंत? बापाला हुंडा झेपणार नाही म्हणून गळफास घेतलेल्या तीन बहिणी. बाहेर धनाची देवी, आत हुंड्याचे बळी. शटर काढा, चित्रच उरत नाही. आणि 1994 च्या त्या पोस्टरवाल्या चित्रात गॉगलच्या काचांत हॉकनी आणि भूपेन खख्खर हे चित्रकार बसलेत. शाहरुख निमित्तमात्र.

चौकटराजा: काल लिहिणारा मीच. पाहिलंय सगळं. गॉगलात कोण बसलंय हे कुणीतरी सांगावं लागतं, तिथेच चित्र हरलं. रविवर्म्याची लक्ष्मी माझ्या आजीला न सांगता कळायची.

पाटीवाल्याचा_पोरगा: शटर रंगवणं खेळ वाटतो का? वडील पाट्या रंगवायचे. दोरा खडूत माखून ताणायचा, मधून टचकन सोडायचा, की सरळ रेघ. पण शटरवर पट्ट्यांच्या खाचेत एनॅमल साचतं, ओघळतं, अक्षर मोडतं. तिथे देवीचा चेहरा काढून दाखवा! फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश माळ्यावर गेले. आता चौकाचौकात भाऊंचे वाढदिवस.

चौकटराजा: वडिलांबद्दल आदर आहे, पण हे भावनिक ब्लॅकमेल झालं. आमच्या दुकानाची पाटी पेंटरने गणपतीत देतो म्हणून दिवाळीनंतर दिली, तीही 'किराणा'चा णा अर्धा सोडून. फ्लेक्स त्याच दिवशी मिळतो.

पाटीवाल्याचा_पोरगा: आणि दुसऱ्या पावसाळ्यात फाटतो. ॲडव्हान्स दिला होतात का, ते आधी सांगा.

चौकटराजा: तोंड सांभाळून. पूर्ण दिला होता.

खवट_बोरू: मंडळी, डोडिया…

गिरगावची_आत्या: राहू दे रे डोडिया. चित्रकार हुसेनही सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आणि चौकटराजा, तुझ्या आजीची लक्ष्मीसुद्धा रविवर्म्याच्या, लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातलीच असणार. त्या काळचा फ्लेक्सच तो! रविवर्म्याने छापखाना विकला तोही एका जर्मनाला. तुझी आजी कुणाला नमस्कार करत होती?

चौकटराजा: बरं बाई, डोडिया थोर, शटर थोर. आजीला मध्ये आणू नका. 'णा'चे पैसे मात्र अजून परत मिळालेले नाहीत.

पाटीवाल्याचा_पोरगा: दुकान कुठंय? मी येऊन पुरा करून देतो. फुकट नाही.